चौदावा दगड

नवस बायको बोलली आणि चालावे मला लागले. हे मी घरात अनेकदा बोलून दाखवले आहे. तिचे उत्तर ठरलेले असते. "मी माझेच पाय बोलले असते, पण पोरीजवळ कोण बसणार होतं? तुम्ही तर ऑफिसात."

मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती आणि तिला टायफॉइड झाला होता. एकोणिसाव्या दिवशी सकाळी तिने आईला ओळखले नाही. त्या दुपारी बायकोने दत्ताच्या तसबिरीपुढे उभे राहून सांगितले की पोर उठली तर हिचे वडील उंबऱ्यापासून पादुकांपर्यंत पायी येतील. उंबरा आमचा, हैदराबादेत चिक्कडपल्लीचा. पादुका गाणगापूरच्या. मधे एकशे साठ मैल. बाविसाव्या दिवशी ताप उतरला आणि मुलीने वरणाचे पाणी मागितले. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा मला दोन्ही बातम्या एकदमच मिळाल्या.

एकशे साठ मैल सलग चालायचे तर दहा-बारा दिवसांची रजा हवी. ती मिळणे शक्य नव्हते. हैदराबाद राज्याचे नुकतेच तीन वाटे झाले होते आणि मी जमीनमोजणीच्या खात्यात होतो. तालुक्यांची दप्तरे तीन ढिगांत लावायचे काम चालू होते. मराठी तालुके मुंबई राज्याकडे, कानडी म्हैसूरकडे, तेलुगू इथेच. माणसांचीही तशीच वाटणी झाली. माझे नाव मुंबई राज्याच्या यादीत पडले. दप्तर लावून झाले की औरंगाबादला हजर व्हायचे, आणि तोपर्यंत रजेचे नाव काढायचे नाही.

म्हणून मी टप्प्यांनी चाललो. रविवार किंवा जोडून सुट्ट्या आल्या की बसने मागच्या जागी जायचे, पुढे चालायचे आणि थांबलो तिथून बसने परत यायचे. बायकोला हे पटेना. तिने ओळखीच्या एका वृद्ध गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "चालेल. मात्र मधली जागा सुटता कामा नये." त्यावर मी नियम केला. प्रत्येक टप्पा मैलाच्या दगडाशीच संपवायचा. दगडाला हात लावून थांबायचे आणि पुढच्या वेळी त्याच दगडाला हात लावून निघायचे. शिवाय पावले मोजायची. शंभर झाली की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. मैल संपला की आकडा वहीत. माझा मैल एकवीसशे पन्नास पावलांच्या आसपास भरतो.

अकरा टप्पे झाले. त्याला एक वर्ष लागले. अकराव्या टप्प्याला मी गाणगापूरला पोचलो, संगमावर स्नान केले, पादुकांचे दर्शन घेतले आणि प्रसादाची पिशवी मांडीवर घेऊन हैदराबादच्या बसमध्ये बसलो. मन मोकळे होते. खिडकीतून मैलांचे दगड उतरत्या क्रमाने वाचत होतो. कुकटपल्लीच्या बऱ्याच अलीकडे पंधराचा दगड गेला. मग एका कडुलिंबाखाली सीताफळे विकणारी म्हातारी दिसली. ती बसली होती तो चौदाचा जुना दगड, उर्दू आकड्यांचा. मी त्याला मनात नमस्कार केला. पहिला टप्पा मी त्याच दगडाला हात लावून संपवला होता आणि दुसरा त्याच दगडाला हात लावून सुरू केला होता. म्हातारी दोन्ही वेळा तिथेच होती.

अर्ध्या मिनिटात आणखी एक दगड आला. नवा, पांढरा, इंग्रजी आकड्यांचा. त्यावरही चौदा.

मी वही काढली. दुसऱ्या टप्प्याचा पहिला मैल, चौदा ते पंधरा. तिथे मी आधी १२९० लिहिले होते. मग ते खोडून वर २१५० घातले होते. हे मला आठवत होते आणि आठवत नसते तर बरे, असे वाटले. त्या दिवशी पंधराचा दगड फार लवकर आला होता. तोही नवाच होता. नव्या राज्याच्या लोकांनी जुने दगड काढून नवे बसवले आणि ते वाटेल तिथे पुरले, असे मी धरून चाललो आणि सरासरी टाकून मोकळा झालो. कचेरीत आम्हा जुन्या लोकांची तीच रीत झाली होती. नव्यांनी केलेला आकडा आम्ही दोनदा तपासायचो, आणि चूक सापडली की चहा मागवायचो.

आता दिसत होते की हललेला दगड जुना होता. मी नियमाप्रमाणे त्याला हात लावला होता खरा, पण मधल्या काळात तो पुढे सरकला होता आणि मी त्याच्यामागची वाट न चालता पुढे गेलो होतो. जागा कशी ओळखली नाही, असे कोणी विचारील. मी जागा पाहिलीच नव्हती. आकडा पाहिला होता आणि म्हातारी पाहिली होती.

घरी पुरणाचा स्वयंपाक झालेला होता. पानावर बसण्याआधी मी बायकोला सगळे सांगितले.

ती म्हणाली, "किती सुटलं?"

"हजाराच्या आत. आठशे-साडेआठशे पावलं असतील."

तिने हातातली पळी खाली ठेवली. मी म्हणालो, "एकशे साठ मैलांत तेवढं म्हणजे काहीच नाही. शिवाय मुद्दाम केलेलं नाही."

"ताप उतरला तो सगळा उतरला," ती म्हणाली. "आठशे पावलांचा मागे ठेवून नाही उतरला."

तो शुक्रवार होता. मंगळवारी काचीगुड्याहून आमची औरंगाबादची गाडी होती. सामान अर्धे बांधले होते. शनिवारी कचेरी होती आणि सोमवारी तिथे सह्या करून मोकळे व्हायचे होते, म्हणजे हातात फक्त रविवार होता. इथून गेल्यावर आठशे पावलांसाठी औरंगाबादहून परत येणे कधी घडेल, हे मला सांगता येत नव्हते, आणि तोपर्यंत बायकोच्या मनात तो ताप पुरता उतरला नसता, हे मात्र सांगता येत होते.

बसने जाऊन तेवढेच चालून यावे, असे आधी वाटले. पण जुना दगड मुळात कुठे होता, हे मला नक्की ठाऊक नव्हते. नव्या चौदावर माझा विश्वास नव्हता. ठाऊक असलेली टोके दोनच, आमचा उंबरा आणि म्हातारीची बैठक. तेव्हा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सगळे पुन्हा चालले की वाद उरत नाही. बायकोला हे लगेच पटले. मला वाटते, तिच्या मनात तेच होते.

रविवारी पहाटे पाचला निघालो. मुलगी डोळे चोळत दारात आली.

"बाबा, पुन्हा गाणगापूर?"

"नाही गं. चौदा मैलांपर्यंतच."

"मग बसने जा ना."

आईने तिला आत घेतले.

या वाटेचे आकडे वहीत होतेच, त्यामुळे चौदापर्यंत मोजायचे कारण नव्हते. चिंचोके डाव्या खिशात स्वस्थ होते. वर्षभरात मी न मोजता चाललो नव्हतो. खैरताबादपर्यंत मला हात कुठे ठेवावेत हे कळेना. मग हुसेनसागर उजव्या हाताला आला. पाण्यावर धुके होते, पलीकडचा काठ दिसत नव्हता, आणि कोणीतरी त्या धुक्यात मोठ्याने खाकरून चुळा भरत होता. पंजागुट्ट्याला उजाडले. अमीरपेठेत एक माणूस रस्त्याच्या कडेला बैलाला आंघोळ घालत होता आणि बैलाशी तेलुगूत बोलत होता. बैल ऐकत होता असे दिसले.

एर्रागड्ड्यापासून दूधवाले भेटू लागले. खेड्यांतून शहराकडे सायकली येत होत्या, दोन्ही बाजूंना कॅन, आणि प्रत्येक जण माणूस दिसला की घंटी वाजवत होता. मूसापेठेपर्यंत त्रेचाळीस सायकली झाल्या. न मोजण्याचा माझा नेम इतकाच टिकला.

पाय चांगले चालत होते. वर्षभरात त्यांना सवय झाली होती. मी परभणीकडचा, शिकायला म्हणून इकडे आलो आणि वीस वर्षे राहिलो. घर ते कचेरी, कचेरी ते अफझलगंजचा बाजार, एवढेच शहर माझ्या पायांना माहीत होते. आता निघायच्या दोन दिवस आधी बाकीचे कळत होते. त्याचे वाईट वाटले नाही. उलट बरे वाटले. औरंगाबादेत घर मिळेल का, मुलीला तिथली शाळा जमेल का, असले विचार यायचे, पण चालताना विचार फार वेळ टिकत नाही. एखादे कुत्रे अंगावर येते, एखादी गाडी धूळ उडवून जाते, आणि आपण काय ठरवत होतो ते राहून जाते.

कुकटपल्लीला तळे काठोकाठ भरलेले होते. बांधावर बसून मी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. बायका धुणे आपटत होत्या. शेतांत साळ पिवळी पडू लागली होती. वारा होता. तिथे मी अर्धा तास बसलो. पहिल्या टप्प्याच्या वहीत या जागेबद्दल फक्त "कुकटपल्ली, पाणी प्यालो" एवढे लिहिलेले आहे.

साडेअकराच्या सुमारास नवा चौदा आला. मी त्याला हात लावला, कारण नियम नियम असतो, आणि तिथून मोजायला लागलो. चार चिंचोके उजव्या खिशात गेले आणि वर तीस पावले झाली तेव्हा मी कडुलिंबाखाली म्हातारीपुढे उभा होतो.

टोपलीवरची माशी उडवत ती म्हणाली, "आव साब. गिनतीवाले साब. अब कायकू आए? तुम्हारा देव मिला नई क्या?"

"मिला अम्मा. लेकिन रस्ता थोडा छूट गया."

"रस्ता कैसा छूटता? रस्ता तो यहीच पडा है."

मी तिला विचारले की हा तिचा दगड आधी कुठे होता. तिने नव्या चौदाकडे बोट केले. "वो सफेद है ना, उसीच गड्ढे में. सरकारवाले पुराना निकाले, नया डाले. पुराना फेंक रहे थे. मैं बोली, मेरेकू दे दो, पंधरा बरस से इसपेच बैठरी."

"उसीच गड्ढे में? एक हात आगे-पीछे नई?"

"साब, मेरेकू कचेरी में खडा कर रे क्या?"

म्हणजे नव्या लोकांनी दगड बरोबर जागीच बसवला होता. वर्षभर मी त्यांना मनात नावे ठेवली ती उगाच. हे मान्य केले आणि वही उघडली. दुसऱ्या टप्प्याला इथून पंधरापर्यंत १२९० पावले झाली होती. मैल २१५० चा. मग नव्या चौदापासून इथपर्यंत ८६० यायला हवीत. आली होती ४३०. बरोबर निम्मी.

मी परत चौदापर्यंत गेलो आणि मोजत आलो. ४३२.

"क्या हुआ?" म्हातारी म्हणाली. "कुछ गिर गया क्या?"

"चार सौ तीस कदम कम पड रहे हैं अम्मा."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी माझ्या तांब्यातले पाणी दिले. पाणी पिऊन, पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "अरे साब, तुम दुसरे वक्त आए तो मैं इधर थी कब? मोरी पे थी ना मैं!"

दगड एकदा नव्हे, दोनदा हलला होता. जुन्या जागेवरून काढल्यावर तिच्या पुतण्याने तो बैलगाडीत घालून पुढच्या ओढ्यावरच्या मोरीपाशी नेऊन टाकला, कारण तिथे बस थांबायची. दुसऱ्या टप्प्याला मी हात लावला तो तिथे. पुढे मोरीजवळ सेंदी, म्हणजे शिंदीची दारू, विकणारा एक जण येऊन बसला. त्याची गिऱ्हाईके पिऊन हिच्या दगडावर बसायची आणि हिची फळे फुकट खायची. म्हणून पावसाळ्यानंतर दगड पुन्हा गाडीत घालून मागे, या कडुलिंबाखाली आला.

"पत्थर भी फिरता साब," ती म्हणाली. "तुम अकेलेच थोडे फिरते?"

वहीत तो खोडलेला आकडा नसता तर मी इथेच नवस पुरा झाला म्हणून बसमध्ये बसलो असतो आणि मंगळवारी औरंगाबादला गेलो असतो.

"मोरी किधर है?"

"चलो, दिखाती मैं."

"तुम बैठो अम्मा, मैं देख लेता."

"तुम देखते तो इत्ता टाइम कायकू लगता?" तिने टोपलीवर फडके टाकले आणि निघाली. पायांत काही नव्हते. मी डाव्या खिशात हात घालून मोजायला लागलो. एक, दोन, तीन.

ती बोलत होती. या वर्षी सीताफळे लहान आहेत. सूनबाई टोपली धरायला तयार नाही. साठेक पावले झाली असतील, तेव्हा तिने विचारले, "नवस कायका था?"

"बेटी का. बहुत बुखार था."

"बची?"

"बची. तेरा बरस की होगी अब."

"अच्छा हुआ," ती म्हणाली. जरा पुढे गेल्यावर, पुढेच पाहत, तिने सांगितले, "मेरी नई बची. इत्तीच थी. मैं भी बोली थी, नंगे पाँव आती बोलके. जानाच नई पडा."

ती मुलीबद्दल सांगत राहिली. मुलीला पोहायला यायचे, ती झाडावर चढायची, आईच्या टोपलीतली फळे आईलाच विकायची. मी ऐकत होतो. मग ती थांबली आणि मोरीच्या कठड्याजवळ जमिनीवर पाय आपटून म्हणाली, "यहाँ."

जमिनीत दगड बसल्याचा खळगा होता, त्यात गवत उगवले होते. मी वाकून त्याला हात लावला. खिशात पाहिले. डावा खिसा भरलेला होता. उजव्यात काय होते ते आधीचे होते की आताचे, हे मला सांगता येईना.

म्हातारीने मला परत कडुलिंबापर्यंत येऊन फळे घेऊन जायला सांगितले. मी म्हणालो, पुढे पंधरापर्यंत जाऊन बस पकडतो, बस कडुलिंबाखाली थांबवतो. तेवढे चालणे नवसाच्या दृष्टीने गरजेचे नव्हते, पण मला पाहायचे होते. मोरीपासून पंधरापर्यंत १२९६ पावले झाली. खोडलेल्या आकड्यापेक्षा सहा जास्त, आणि सहा पावले माझ्या दमण्याची धरता येतात. सरासरीवर काट मारली आणि खोडलेला आकडा पुन्हा लिहिला. उरलेले, कडुलिंब ते मोरी, वजाबाकीने निघाले असते. ती वजाबाकी मी केली नाही, जागा कोरी ठेवली.

बस कडुलिंबाखाली थांबली तेव्हा म्हातारीने खिडकीतून सहा सीताफळे माझ्या पिशवीत कोंबली. कंडक्टर ओरडत होता. ती त्याच्यावर ओरडली.

संध्याकाळी घरी पोचलो. बायको बांधलेल्या ट्रंकेवर बसून होती. ती उठली नाही.

"झालं?"

"झालं. पंधरापर्यंत जाऊन आलो."

"किती सुटली होती?"

"तेवढी मोजायची राहिली."

मग मी तिला दगडाचे, मोरीचे आणि म्हातारीच्या मुलीचे सगळे सांगितले. आमची मुलगी स्वयंपाकघराच्या दारात सीताफळ फोडून बसली होती आणि हात मनगटापर्यंत बरबटले होते.

बायकोने हातपाय धुतले, देवापुढे जाऊन निरांजन लावले. ती देवाशी शेजाऱ्याशी बोलावे तशी मोठ्याने बोलते. चालून सगळे झाले, थोडे राहिले होते तेही आज झाले, असे तिने सांगितले. मग मागे वळून मला विचारले, "आणि ती तुमच्याबरोबर मोरीपर्यंत चालली ना?"

"हो. अनवाणी."

"नाव काय तिचं?"

"विचारलं नाही."

"सीताफळवाली म्हणून सांगते," ती म्हणाली. "कळेल त्यांना." आणि तिने हात जोडून ते सांगितले.